शेवटचे दोन गाळे

सीना नदीवरच्या आमच्या बंधाऱ्याची आणि त्या वादळाची हकिकत गावात तीन प्रकारे सांगितली जाते. तिन्ही प्रकार मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत आणि तिन्ही खोटे आहेत. पहिल्या हकिकतीत बंधारा समितीचे अध्यक्ष संकट ओळखून वेळेवर बंधारा मोकळा करतात आणि नदीकाठची वस्ती वाचवतात. दुसरीत मी, म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा, गावाने साठवलेले पाणी सोडून देतो आणि बंधाऱ्याचे लोखंड भंगारात विकतो. तिसरी हकिकत माझ्याविषयी आपुलकी बाळगणारे लोक सांगतात. तिच्यात मी वस्ती वाचवतो, परंतु वयोमानामुळे घाईगर्दीत शेवटचे दोन गाळे उघडायचे विसरतो, आणि त्यामुळे अध्यक्षांचा ऊस मातीसकट वाहून जातो. पहिल्या दोन हकिकतींचा मला राग येतो. तिसरी मला झोंबते.

एकतीस वर्षे मी कालवा निरीक्षक होतो. कोणत्या चारीचे, म्हणजे पोटकालव्याचे, दार कोणत्या दिवशी किती वाजता उघडले, हे मी आजही सांगू शकतो. आणि ज्यांची दारे मी बंद केली, ते तर माझ्याहून चांगले सांगू शकतात. विसरणे हा माझा दोष कधीच नव्हता. माझे दोष निराळे आहेत, आणि त्यांपैकी एकाविषयीच मी हे लिहीत आहे.

ज्यांनी असा बंधारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नदीच्या पात्रात आडवे, ओळीने दगडी खांब उभे असतात. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात; वरून चालण्यापुरती दगडी फरशी असते. आमच्या बंधाऱ्याला असे सतरा गाळे आहेत. खांबांना खाचा असतात आणि त्या खाचांमधून लोखंडी पत्रे एकावर एक खाली सोडतात. हे बर्गे. पावसाळ्यात बर्गे काठावर काढून ठेवायचे, नदी मोकळी वाहू द्यायची. परतीचा पाऊस पुरता संपला की ते घालायचे आणि रब्बीसाठी पाणी अडवायचे. फटींतून पाणी गळू नये म्हणून चिखल आणि सुताची गुंतवळ ठासून भरतात. ही गुंतवळ, म्हणजे गुंतलेले टाकाऊ सूत, सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यांतून पोत्यांनी मिळते. ती भरायची पद्धत गावाला मी शिकवली.

त्या वर्षी परतीचा पाऊस संपण्याआधीच बर्गे घातले गेले. वरच्या गावाने आधी पाणी अडवले तर आपल्यापर्यंत थेंब येणार नाही, ही भीती त्यामागे होती. लगोलग जलपूजनही उरकण्यात आले. बंधाऱ्यावर मंडप पडला, फलक लागला, नारळ फुटले, बायकांनी साडीचोळी घालून नदीची ओटी भरली. आमच्याकडे एकदा जलपूजन झाले की त्या पाण्याला हात लावत नाहीत. पूजलेले पाणी सोडून देणे म्हणजे भरलेली ओटी रस्त्यात उपडी करणे, अशी समजूत आहे. फलकावर अध्यक्षांचे छायाचित्र नदीपेक्षा मोठे होते.

अध्यक्ष नात्याने माझा पुतण्या, म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्याच्या वडिलांनी पाण्याची पाळी नसताना कालव्यावर इंजिन लावले होते. ते मी पंचनामा करून उचलून नेले होते. भावकीत असे कोणी करत नाही, असे तेव्हा सर्वांचे मत पडले. मी केले. वडील गेले, मुलाने ते मनात ठेवले. मी निवृत्त होऊन गावी परतल्यावर समितीच्या पहिल्याच बैठकीत बोलायला उभा राहिलो, तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता हाताने खाली बसायची खूण केली आणि म्हणाला, “तात्या, पेन्शनीतल्या मानसानं आता नातवंडं खेळवावीत की.” सगळी बैठक हसली. ते हसू मी बारा वर्षे सांभाळून ठेवले होते.

जलपूजनाच्या तिसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला सोलापुरात गेलो होतो. दवाखाना उघडायला वेळ होता, म्हणून एका जुन्या मित्राच्या कारखान्यात जाऊन बसलो. तो तेलुगू भाषक विणकर. गुंतवळ मी त्याच्याकडूनच नेत असे. चहा होता होता त्याच्या मेहुण्याचा तेलंगणातून फोन आला. फोन ठेवून त्याने मला सांगितले की बंगालच्या उपसागरातले वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढले आहे, मेहुण्याच्या गावात पाऊस थांबायला तयार नाही, शेजारच्या दोन गावांचे तलाव फुटले आहेत आणि वादळ पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे, सरकत आहे. एवढे बोलून त्याने कामगारांना हाक मारली आणि सुताची पोती जमिनीवरून उचलून विटांच्या थरावर रचायला लावली. ज्याच्या दारातून नदी वाहत नाही तो माणूस सूत उचलत होता, आणि आम्ही नदीच्या घशात लोखंड कोंबून ठेवले होते. डोळे न दाखवताच मी परतीची एस.टी. धरली.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्या दुपारी अध्यक्ष, चार-पाच ऊसवाले आणि ग्रामसेवक बसलेले होते. तहसीलमधून आलेला इशारा प्रत्येकाच्या मोबाइलवर होता आणि प्रत्येकाने तो वाचून पुढे पाठवला होता. इशारा पुढे पाठवला की आपले काम संपले, असा एक नवा समज हल्ली पसरला आहे. मी उभ्यानेच सांगितले की उद्या दुपारपर्यंत सतराही गाळे मोकळे झाले पाहिजेत. पुराच्या पाण्याचा दाब एकदा बर्ग्यावर आला की तो खाचेत आवळतो, मग दहा माणसांनाही उपसत नाही. म्हणून जे करायचे ते पाणी येण्याआधी.

अध्यक्षाने खुर्ची मागे रेलली. “तात्या, आजपत्तूर समुद्र कदी सोलापूरला पावना आलाय का? आला तर च्या पाजून लावून देऊ.”

मंडळी हसली. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या पाणी उपसायच्या मोटारी आजही नदीच्या चिखलात रुतलेल्या आहेत.

मी पुन्हा तेच सांगितले. तेव्हा त्याचा आवाज बदलला. “जलपूजन झाल्यालं पानी हाय ते. वादळाच्या भ्यानं पानी सोडलं आन् वादळ आलंच न्हाय, तर उनाळ्यात लोकान्ला काय तुमच्या पेन्शनीचं कागद पाजू?”

हे मान्य केले पाहिजे की त्या खोलीत त्याचे म्हणणे कोणालाच मूर्खपणाचे वाटले नाही. पाणी सोडून द्या, हे शब्द आमच्या तालुक्यात मोठ्याने उच्चारणारा माणूस एक तर वेडा ठरतो, नाही तर वैरी. मी अध्यक्षाचा ट्रॅक्टर मागितला. निदान काढलेले बर्गे उंचावर नेता यावेत म्हणून. ट्रॅक्टर नादुरुस्त असल्याचे मला सांगण्यात आले. येताना मी तो त्याच्या वाड्यासमोर चालू स्थितीत उभा पाहिला होता.

तिथून मी वस्तीवर गेलो. बंधाऱ्याच्या जरा खाली, नदीच्या उजव्या हाताला, सखल जागेत तीसेक घरे आहेत. बहुतेक कुटुंबे बौद्ध. कोणी रेल्वेत, कोणी सोलापुरातल्या दवाखान्यात, कोणी रोजाने कामाला. वस्तीत एक बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. पदाने मदतनीस, पण वस्तीतले सगळे निर्णय तिच्या ओट्यावर होतात. मी तिला तेलंगणातली बातमी सांगितली. तिने समुद्राची चौकशी केली नाही.

“आबा, बंधारा असाच ऱ्हायला तर पानी कुटनं फिरंल?”

मी काठीने जमिनीवर नदी काढली, बंधारा काढला, आणि कडेने वळून जाणारे पाणी काढले. काठीचे टोक तिच्या ओट्याच्या पायरीपाशी येऊन थांबले. तिने पायरीकडे पाहिले. मग विचारले की सगळे गाळे मोकळे केले तर. मी सांगितले, सगळे मोकळे केले तर वस्ती वाचेल.

“मंग काडू या की,” ती म्हणाली, आणि पदर खोचून उठली.

त्या संध्याकाळी वस्तीने जी तयारी केली ती मी पाहिली आहे. अध्यक्षांच्या हकिकतीत तिचा उल्लेखही नसतो. विहाराच्या भोंग्यावरून त्या बाईने स्वतः सांगितले की धान्य माळ्यावर टाका, कागदपत्रे पिशवीत बांधा, जनावरांना दावे लावू नका. शाळा उंचवट्यावर आहे, पण तिची किल्ली सोलापुरात राहणाऱ्या गुरुजींकडे. तिने फोनवर गुरुजींची परवानगी मागितली नाही. कुलूप तोडत असल्याची माहिती दिली. म्हातारी माणसे आणि लहान मुले अंधार पडायच्या आत वर गेली. वाटणी अशी ठरली की माणसे तिने हलवायची आणि बंधारा मी बघायचा. उजाडताच अकरा जण पाठवते, असे तिने सांगितले आणि पाठवले. आठ पुरुष आणि तीन बाया.

बंधाऱ्यावर एक चौकीदार आहे, अक्कलकोटकडचा, अर्धे कानडी अर्धे मराठी बोलणारा. मला तो अजून साहेब म्हणतो. समितीने नेमलेला माणूस समितीच्या मनाविरुद्ध हात लावील की नाही याची मला शंका होती. तो माझ्या आधी येऊन आकडे आणि साखळ्या काढून बसला होता.

काम उजव्या टोकापासून, वस्तीच्या बाजूने, सुरू केले. पाऊस बारीक होता, पण थांबत नव्हता. माझ्या शिकवणुकीप्रमाणे ठासलेली गुंतवळ भिजून इतकी फुगली होती की पहिला बर्गा हलेना. विळ्याने ती कापून काढावी लागली. तीन बायांपैकी एक हसून म्हणाली, “आबा, लई चांगलं शिकवलं हुतं तुमी.” आकडा अडकवायचा, चौघांनी ओढायचे, दोघांनी पहारीने खालून उचलायचे. वरचा निघाला की त्याखालचा. एक गाळा मोकळा झाला की अडलेले पाणी त्यातून घुसे आणि पायाखालचा खांब थरथरे. दुपारपर्यंत नऊ गाळे झाले.

तेव्हा अध्यक्ष आला. डाव्या काठाला त्याचे शेत बंधाऱ्याला लागूनच आहे. ऊस तोडणीला आलेला, माणसापेक्षा उंच. त्याच्याबरोबर पाच जण होते. त्यांनी शेतातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, डाव्या टोकाच्या शेवटच्या दोन गाळ्यांवर मांडल्या आणि छत्र्या उघडून बसले. बाकीचे गाळे अडवायची त्याची हिंमत झाली नाही, कारण समोर अकरा माणसे आणि अकरा विळे-पहारी होत्या. पण दोन गाळे त्याने धरून ठेवले. तेवढ्याने पाणी अडणार नव्हते, हे त्यालाही कळत होते. ते पाण्यासाठी नव्हतेच. सगळा बंधारा म्हाताऱ्याने उघडला, असे होऊ नये, यासाठी ते होते.

“हितनं पुडं हात लावला तर पोलीस बोलवीन,” तो म्हणाला.

मी चौकीदाराला पुढच्या गाळ्याला आकडा लावायला सांगितले. चार वाजण्याच्या सुमारास पंधरावा गाळा मोकळा झाला. नदीचा रंग तांबडा झाला होता. फेस येत होता, फेसावर कडबा, बाभळीच्या फांद्या, एक मेलेली शेळी. चौकीदाराने मान वळवून वरच्या अंगाला पाहिले, बराच वेळ ऐकले आणि म्हणाला, “नीर बरतैती, साहेब.” पाणी येत होते. त्याने सांगितले तेव्हा मलाही ऐकू आले, रस्त्यावरून जड वाहन यावे तसे.

अध्यक्षाच्या माणसांनीही ते ऐकले. त्यांच्या मोटारी नदीत होत्या. एक उठला, मग दुसरा, मग सगळेच शेताच्या बाजूने धावत गेले, आणि त्यांच्या मागोमाग अध्यक्ष. छत्र्या घेऊन गेले, खुर्च्या राहिल्या.

आता जे घडले ते नीट लिहितो, कारण याच क्षणाविषयी गाव चुकीचे बोलते. आमच्या हाताशी तासभर होता. दोन गाळ्यांना पाऊण तास पुरला असता. आतापर्यंत हात बसले होते. माणसे दमली होती, पण कोणी काम टाकून गेले नव्हते. चौकीदाराने खुर्च्या बाजूला सारल्या, आकडा खांद्यावर घेतला आणि विचारले, “साहेब, ह्ये दोन?”

मी त्या दोन गाळ्यांकडे पाहिले. त्यांच्यामागे काठाची काळी माती होती आणि मातीवर ऊस. एकतीस वर्षे मी पाणी वाहताना पाहिले आहे. मोकळ्या पंधरा गाळ्यांतून पूर निघून जाईल, वस्ती तगेल. मात्र वाहून आलेली झाडेझुडपे या बंद दोन गाळ्यांवर तटतील, पाणी तिथे भोवरा धरील आणि काठाची माती खालून कापत नेईल. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर, त्या डॉक्टरला न दाखवलेल्या डोळ्यांसमोर, लख्ख उभे राहिले. आणि त्याचबरोबर बैठकीतली हाताची ती खूण.

“राहू देत,” मी म्हणालो.

त्याने पुन्हा न विचारता आकडा खाली ठेवला. मी सर्वांना शाळेकडे जायला सांगितले. काढलेले बर्गे उंचावर न्यायला ट्रॅक्टर नव्हता. ते काठावरच रचलेले राहिले आणि त्यांतले निम्मे नदीने नेले. जे म्हणतात मी ते विकले, त्यांनी ट्रॅक्टर कोणाच्या दारात उभा होता ते विचारावे.

सकाळी पाऊस उघडला होता. वस्तीत पाणी आले होते. खालच्या चार घरांत गुडघाभर, बाकीच्यांच्या उंबऱ्यापर्यंत. भिंती उभ्या होत्या. माणूस दगावला नव्हता, जनावर दगावले नव्हते. मग मी बंधाऱ्यावर गेलो. डावा काठ जागेवर नव्हता. बंधाऱ्याचे टोक काठापासून सुटून पाण्यात एकटेच उभे होते, आणि त्याच्यापलीकडे, जिथे आदल्या दिवशी दोन एकर ऊस होता, तिथून सीना वाहत होती. अध्यक्ष कापलेल्या मातीच्या कडेला उभा होता. ओले धोतर पिंढऱ्यांना चिकटलेले, हातात काही नाही. त्याने मला पाहिले.

मला आनंद झाला. वयाला शोभेल असा, आवरलेला, दुःखाची किनार असलेला आनंद नव्हे, पोटातून आलेला. त्या क्षणी मला वाटले की मी एवढ्यासाठी जगलो असतो तरी चालले असते.

दुसऱ्या हकिकतीत एक गोष्ट खरी आहे, तीही लिहितो. काठ फुटल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी थांबले नाही. टँकर आले. माझीही विहीर आटली. वस्तीतल्या बायका भर उन्हात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत, आणि मी त्या वाटेने जाणे टाळत असे.

पुढल्या पावसाळ्याच्या अखेरीस तहसीलकडून आमच्या शाळेत शिबिर घेण्यात आले. वादळाची सूचना आली की गावाने काय करावे, हा विषय. आजूबाजूच्या गावांतले लोक आले होते. तहसीलच्या साहेबांनी आमच्या अध्यक्षाला अनुभव सांगायची विनंती केली, आणि त्याने पहिली हकिकत सांगितली: त्याने संकट कसे ओळखले, गाळे कसे मोकळे केले. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकले. खोटे बोलणाऱ्या माणसाला मध्येच अडवू नये, त्याला शेवटपर्यंत जाऊ द्यावे, हे मी चौकश्यांमध्ये शिकलो आहे. शेवटी तो माझ्याकडे वळला.

“आमचे तात्या बी हुते मदतीला. आता वय झालं त्यांचं. घाईत दोन गाळे इसरले, माझा दोन एकर ऊस गेला. पर मी मनात ठिवलं न्हाय, माफ केलं. चूक खरी चौकीदाराची. डोळं असून त्यानं बगितलं न्हाय. समिती नवा मानूस बगतीया.”

टाळ्या पडल्या. चौकीदार दाराशी उभा होता. त्याला काही बोलता आले असते. वर्षभर आले असते. तो बोलला नव्हता.

मी उभा राहिलो. अध्यक्षाने हाताने खाली बसायची खूण केली. त्याने ती केली नसती तर मी काय केले असते, हे मला सांगता येणार नाही.

“मी विसरलो नाही,” मी म्हणालो. “चौकीदाराने मला विचारले होते. मी त्याला नको म्हणालो. तुझा ऊस मी जाऊ दिला. आणि पहिले पंधरा गाळे तू काढले नाहीस. तू उरलेल्या दोन गाळ्यांवर खुर्ची टाकून बसला होतास.”

साहेब समोरचे कागद चाळू लागले. अध्यक्षाचा चेहरा मी नीट पाहिला. ऊस गेला त्या सकाळीही तो असा दिसला नव्हता. दोन एकर त्याने पचवले होते, कारण मला माफ करून तो त्यांच्या जागी मोठेपणा मिळवत होता. तो मोठेपणा मी त्याच्या हातून काढून घेतला. फौजदारी करीन, असे तो ओरडला. केली नाही. केली असती तर खुर्च्यांची गोष्ट त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली असती. चौकीदाराची नोकरी राहिली. मी चौकीदारासाठी उठलो, असे आता काही भले लोक म्हणू लागले आहेत. त्यांनाही माझे सांगणे आहे की तसे नव्हते. माझ्या हाताने केलेल्या गोष्टीला माझी चूक म्हटले जात होते, म्हणून मी उठलो.

शाळेच्या पायऱ्यांवर ती अंगणवाडीची बाई माझी वाट पाहत होती. मला वाटले, ती शाबासकी देणार.

“आबा, येक इचारू? सगळे गाळे काडले तर वस्ती वाचंल, म्हनला हुता तुमी. सगळे म्हनला हुता.”

मी तिला समजावून सांगितले की पंधरा पुरेसे होते, डावा काठ भुसभुशीत आहे, पाणी आधी तिकडेच कापणार हे मला ठाऊक होते.

“आन् नदीनं तुमचं ऐकलं नसतं तर?”

मी उतार सांगितला, मातीचा प्रकार सांगितला, खांबांमधले अंतर सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, “लेकरं वर शाळंत हुती, म्हनून वाचलो आमी. तुमच्या अंदाजानं न्हाय.” तिने जय भीम केला आणि बायकांबरोबर निघून गेली.

या वर्षी पुन्हा उपसागरात वादळ उठले आणि पुन्हा मोबाइलवर इशारा आला. मी कपडे घालून, छत्री घेऊन फोनजवळ बसलो. फोन आला नाही. दुपारी स्वतःच बंधाऱ्यावर गेलो. अंगणवाडीच्या बाईने परस्पर चौकीदाराला फोन केला होता. फुटलेला काठ बांधून झाला आहे; त्या बाजूचे दोन गाळे सर्वांत आधी मोकळे झाले होते, आणि वस्तीतली माणसे व ऊसवाले मिळून पुढच्यांना आकडे लावत होते. जलपूजन या वेळी कोणी केलेच नव्हते. अध्यक्षाचा ट्रॅक्टर काठावर होता, तो स्वतः चालवत होता. त्याने मला पाहिले, मी त्याला पाहिले. सूड घेतल्याचा मला त्या क्षणीही पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. चौकीदाराने लांबून नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागला. आठव्या गाळ्याचा बर्गा तिरपा अडकला होता. तो कसा सोडवायचा हे मला माहीत होते. मी उभा राहिलो, कोणीतरी विचारील म्हणून. त्यांनी तो सोडवला.

ट्रॅक्टरची ट्रॉली काढलेल्या बर्ग्यांनी भरली होती. ती बाई मागे उभी राहून हाताने दिशा दाखवत होती. मी तिच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये आलो होतो.

“आबा,” ती म्हणाली, “जरा बाजूला व्हता का, वळवायची हाय.”

मी बाजूला झालो.